बेकारभत्ता आणि सरकारी तिजोरी

बेकाराला सरकारने पैसे द्यावेत की काम द्यावे, या वादाला महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेद्वारे स्वतःचे उत्तर दिले. त्यासाठी 1975 पासून व्यवसाय कर, म्हणजे नोकरदार व व्यावसायिकांच्या उत्पन्नातून कापला जाणारा कर, सुरू झाला आणि त्यातून जमलेल्या रकमेइतकीच भर राज्याने घालावी असे ठरले.

26 जानेवारी 1979 पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार, मागणीनंतर 15 दिवसांत काम न मिळाल्यास दिवसाला किमान 1 रुपया बेकारभत्ता देय होता. म्हणजे हा भत्ता आळसाचे बक्षीस नसून वचन मोडणाऱ्या शासनावरील दंड होता.

या योजनेच्या कामांवरील खर्च वाया जातो, या आक्षेपाचे उत्तर नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोकणातील चौलसारख्या किनारी गावात शोधता येते, कारण 1990 पासून फळबाग लागवडही याच योजनेशी जोडली गेली. मीटरभर लांब, रुंद व खोल खणलेल्या खड्ड्यात आंब्याचे कलम रुजते, तेव्हा हजेरीपटावरची मजुरी पुढील पिढीचे उत्पन्न ठरते आणि म्हणूनच ही हमी जपली पाहिजे.