सावलीची जमीन व सोनटक्का

विहिरीच्या कांठीं, आंब्याच्या झाडाशेजारीं किंवा घराच्या आडोशास थोडी ओलसर जमीन सावलीमुळें पडून राहिलेली पुष्कळ मळ्यांत आढळते. तेथें भाजीपाला नीट येत नाहीं, म्हणून ती निरुपयोगी समजण्याचा प्रघात आहे. अशा जागेस सोनटक्का लावावा, असें आम्ही सुचवितों. मात्र सावली कोणती व ओल कोणती, याचा विचार लागवडीपूर्वीं झाला पाहिजे; तो न केल्यास नुसतीं पानें वाढतात किंवा कंद कुजतात.

सोनटक्का हा हळद व आलें यांच्याच कुळांतील होय. पूर्व हिमालय व त्यालगतचा प्रदेश हें त्याचें मूलस्थान. तेथें तो वनाच्या कडेस व ओहोळांच्या कांठीं वाढतो. यावरून त्याची गरज ध्यानांत येते. त्यास सकाळचें ऊन व दुपारची सावली मानवते. घराच्या पूर्वेची जागा या दृष्टीनें सोयीची; कारण दुपार टळतांच तेथें घराचीच सावली पडते. दाट झाडाच्या अगदीं बुंध्याशीं लावल्यास उजेड मिळत नाहीं, शिवाय झाडाचीं मुळें ओल शोषून घेतात. उलट, उघड्यावर दुपारच्या उन्हानें पानांच्या कडा करपतात.

जमीन भुसभुशीत व पाल्याच्या कुजलेल्या खतानें युक्त असावी. ती सदैव ओली असावी, परंतु तींत पाणी साचूं नये. चिकण जमिनींत वरंबे करून त्यांवर लागवड करावी. पावसाळ्यापूर्वीं जुन्या बेटांतील कंद खणून, प्रत्येक तुकड्यास एक-दोन डोळे राहतील असे कापावे. ते 2 फुटांच्या अंतरानें, सुमारें 2 इंच खोल पुरून वर पाचोळा पसरावा. पावसानें ओढ दिल्यास पाणी द्यावें. फुलून गेलेल्या दांड्यास पुन्हां फूल येत नाहीं. तो जमिनीलगत कापावा, म्हणजे नव्या कोंबांस जागा होते. 3-4 वर्षांनीं बेट दाटून फुलें कमी झालीं कीं तें विरळ करावें.

फूल सायंकाळच्या सुमारास उमलतें व लवकर कोमेजतें. म्हणून विक्रीसाठीं टपोऱ्या कळ्याच खुडून त्याच दिवशीं बाजारांत पोंचवाव्या. पेठ दूर असल्यास देवपूजेस व वेणीस पुरेल इतकें एखादेंच बेट ठेवणें शहाणपणाचें होय.

आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगतों. हवाई बेटें व ब्राझील येथें बागेसाठीं नेलेला सोनटक्का ओढ्यांच्या कांठीं पसरून मूळच्या वनस्पतींस डोईजड झाला आहे. कंदाचा तुकडाही रुजतो. सबब काढलेले कंद ओढ्यांत किंवा पाटांत टाकूं नयेत. ते शेजाऱ्यास द्यावे, अथवा पुरते वाळवून जाळावे. पडीक कोपरा कामीं यावा, पण शिवाराच्या पाण्याची वाट अडूं नये.