धुरावरचे मांस व मसाल्याचे बंधक

मांसास धुरी देण्याची रीत मानवास फार प्राचीन काळापासून अवगत आहे. भारतात नागालँडच्या डोंगराळ भागात चुलीच्या वर मांस टांगून ते कित्येक दिवस धुरावर वाळविण्यात येते. मसाला घालावयाचा तो पुढे शिजविताना. म्हणून तो मांसास चिकटविण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिणेकडील राज्यांत मात्र मीठ, मिरपूड, लाल तिखट इत्यादींची कोरडी पूड मांसास आधी चोळतात, आणि नंतर सुमारे ११० ते १३० अंश सेल्सिअस तपमानाच्या धुरात ते सावकाश शिजू देतात. पूड गळून पडू नये म्हणून प्रथम एखाद्या द्रव्याचा पातळ हात देतात. या द्रव्यास ‘बंधक’ म्हणता येईल. पाणी, तेल व फेसलेली मोहरी ही नेहमीची बंधके होत.

मिठाचे कार्य

बिनचरबीच्या मांसात वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते. मीठ या ओलाव्यात विरघळते, आतील थोडे पाणी बाहेर ओढते, आणि तयार झालेला खारा द्राव हळूहळू आत झिरपतो. शिवाय मांसातील काही प्रथिने या द्रावात विरघळून पृष्ठभागास चिकटपणा आणतात. म्हणजेच मीठ लावून काही वेळ थांबल्यास मांस स्वतःच आपले बंधक निर्माण करते. मिरे व तिखट यांचे कण मात्र पृष्ठभागावरच राहतात.

निवड कशी करावी?

पाण्याने मीठ लवकर विरघळते. परंतु ते अधिक झाल्यास मसाला ओघळून जातो. तेलात मीठ विरघळत नाही. उलट तिखटाचा रंग व मिऱ्याचा स्वाद त्यात चांगला उतरतो. म्हणून तेल वापरावयाचे तर मीठ आधी लावून ठेवणे इष्ट. फेसलेल्या मोहरीत पाणी व शिरका असतो, आणि मोहरीच्या टरफलातील बुळबुळीत द्रव्यामुळे तिला दाटपणा येतो. त्यामुळे मांसाच्या उभ्या बाजूवरही मसाला टिकतो. तिचा उग्रपणा दीर्घकाळच्या उष्णतेने बहुतांशी नाहीसा होतो. लेप कोणताही असो, तो पातळच असावा. धुरातील सूक्ष्म कण किंचित ओलसर पृष्ठभागावर उत्तम बसतात. निथळत्या पृष्ठभागावर त्यांचे ओघळ उमटतात.

हा भेद घरीही पाहता येतो. एका पेल्यात पाणी व दुसऱ्यात गोडे तेल घेऊन दोहोंत चिमूटभर मीठ व लाल तिखट टाकावे. काही वेळाने पाण्यातील मीठ दिसेनासे होते; तेलात ते तळाशीच राहते, परंतु तेल लाल होते.

एक इशारा

बंधक मसाला धरून ठेवते. ते मांस टिकवीत नाही. धुराचाही परिणाम मुख्यतः पृष्ठभागापुरताच असतो. १८२० साली जर्मनीतील वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी धुरी दिलेल्या सॉसेजमुळे व्यूर्टेंबेर्ग प्रांतात घडणाऱ्या प्राणघातक विषबाधांचे वर्णन प्रसिद्ध केले. बाहेरून उत्तम दिसणाऱ्या त्या मांसाच्या आत, जेथे हवा पोहोचत नाही तेथे, विष तयार होत असे. या रोगाचे ‘बॉट्युलिझम’ हे नाव सॉसेज या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच पडले आहे. सुमारे ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अनेक रोगजंतू झपाट्याने वाढतात. यास्तव मीठ लावलेले मांस शीतपेटीत ठेवावे, आणि शिजविताना आतील तपमान मोजावे. कोंबडीच्या बाबतीत ते ७४ अंशांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. रुचीचा विचार पृष्ठभागावर संपतो. आरोग्याचा विचार मात्र मांसाच्या गाभ्यापर्यंत न्यावा लागतो.