कर्ज-एजंटाचा परवाना कुठे मिळतो?

कुठेच नाही. विमा विकायचा तर परीक्षा आहे, म्युच्युअल फंड विकायचे तर परीक्षा आणि अ‍ॅम्फीचा एआरएन, फ्लॅटची दलाली करायची तर महारेराची नोंदणी. पन्नास लाखांच्या गृहकर्जाची फाइल बँकेत नेऊन देणाऱ्या डीएसएची, म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंटाची, मात्र रिझर्व्ह बँक ना परीक्षा घेते, ना त्याला क्रमांक देते. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं 'शॉप अ‍ॅक्ट' पाहून गिऱ्हाईक निर्धास्त होतं. लहान दुकानाच्या बाबतीत तो कागद म्हणजे धंदा सुरू केल्याचं सरकारला कळवल्याची पावती, एवढंच.

ही पोकळी हेरून काही मंडळी 'रिझर्व्ह बँक मान्यताप्राप्त डीएसए लायसन' विकतात. असं लायसन अस्तित्वातच नाही. असतो तो बँकेशी किंवा एनबीएफसीशी केलेला करार आणि त्यातून मिळणारा कोड. नोव्हेंबर २००६ मधल्या आउटसोर्सिंगच्या मार्गदर्शक तत्त्वांपासून रिझर्व्ह बँकेनं दोन गोष्टी पक्क्या केल्या आहेत: एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेची, आणि कर्जमंजुरीचा निर्णय बँकेनं बाहेरच्याकडे सोपवायचा नाही. 'सँक्शन आपल्या हातात आहे' म्हणणारा एजंट त्यामुळे सरळ थाप मारत असतो. बँकही भोळी नसते. अंगावर आलेली जबाबदारी ती करारातल्या नुकसानभरपाईच्या कलमातून एजंटाकडे सरकवते.

आता कमाई. नवख्याला स्वतःचा कोड सहसा मिळत नाही, तो दुसऱ्याच्या कोडखाली फाइल लॉगिन करतो. समजा कर्ज ३० लाखांचं, पेआउट, म्हणजे कमिशन, अर्धा टक्का, म्हणजे १५ हजार. कोडवाल्यानं ४० टक्के ठेवून घेतले की उरले ९ हजार, त्यातून टीडीएस वजा. हा पैसा सँक्शनवर नाही, डिस्बर्समेंटवर मिळतो. इमारत अर्धवट असेल तर कर्ज टप्प्याटप्प्यानं सुटतं आणि पेआउटही तसंच रांगतं. पुढे चार-सहा महिन्यांत गिऱ्हाइकानं पाव टक्का स्वस्त व्याजासाठी बीटी (बॅलन्स ट्रान्सफर) करून दुसरी बँक गाठली, तर दिलेलं पेआउट परत कापून घेण्याचं कलम अनेक करारांत असतं. सही करताना ते पान उलटलं जातं, वाचलं जात नाही.

जीएसटीचं गणित त्यामानानं सोपं. एकट्या व्यक्तीच्या डीएसए कमिशनवरचा कर जुलै २०१८ पासून रिव्हर्स चार्जनं बँक किंवा एनबीएफसी भरते. भागीदारी, एलएलपी किंवा कंपनी केली की ही सवलत संपते.

माणूस अडकतो तो मात्र कमिशनपायी नव्हे, मदतीपायी. पगार थोडा कमी पडतोय, मग स्लिप 'बसवून' दे. मार्चच्या स्लिपवर एक फाँट आणि एप्रिलच्या स्लिपवर दुसरा, बँकेच्या तपासनिसाला एवढंही पुरतं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी केलेल्या बनावट दस्तऐवजाला ७ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि 'स्लिप गिऱ्हाइकानंच दिली' हे सिद्ध करण्याइतके मेसेज कुणी जपून ठेवत नाही. दुसरी मदत याहून निरागस दिसते. सिबिल बिघडलंय, थकलेलं क्रेडिट कार्ड भरायला एजंट खिशातून पैसे देतो आणि कर्ज सुटल्यावर व्याजासकट घेतो. एकदोनदा चालून जातं, पण त्याचा धंदा झाला की ती विनापरवाना सावकारी. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात तिला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. परवाना लागतो तो इथे, आणि तो सहकार खात्याकडून घ्यावा लागतो.

गिऱ्हाइकाकडून आगाऊ 'फाइल चार्ज' घेण्याची सवयही सोडलेली बरी. अ‍ॅपवरच्या कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये स्पष्टच सांगितलं: मध्यस्थाचं शुल्क कर्ज देणाऱ्या संस्थेनं द्यायचं, कर्जदारानं नाही, आणि कर्जाची रक्कम मध्यस्थाच्या खात्यातून फिरवायची नाही. दुकानात बसून काम करणाऱ्यानंही हाच दंडक पाळायला हरकत नाही.

पेआउट अडलं तर दाद कुठे मागायची? लोकपालाकडे नाही. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेतून बँक आणि तिचा सेवा-पुरवठादार यांच्यातले आउटसोर्सिंग कराराचे वाद वगळलेले आहेत. उरतं ते करारातलं लवादाचं कलम. लवाद कोणत्या शहरात बसणार, हेही तिथेच लिहिलेलं असतं. लातूरच्या एजंटानं नऊ हजारांसाठी मुंबई किंवा चेन्नई गाठायची का, हा हिशेब त्यानं सहीच्या आधीच मांडावा.