एक फावडं, दोन माणसं

पहाटे ५. लडाखमधल्या खार्दुंग ला खिंडीच्या अलीकडे, साउथ पुल्लूच्या बाजूला पत्र्याची खोली. कुकर शिट्ट्या देतोय. या उंचीवर पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय भात शिजत नाही. रॉकेल चिकार जातं. रस्त्याच्या कामावरची ही मंडळी झारखंडच्या दुमक्याकडची, आपसात संथाळी बोलतात. उन्हाळ्यात येतात, थंडी पडली की घरी.

६.३०. हजेरी. मेट, म्हणजे टोळीचा मुकादम, वहीत खुणा करतो. एकाचं डोकं रात्रभर ठणकत होतं, तो पडून आहे. खाडा. खाड्याचे पैसे नाहीत. फावडी, पहारी, टिकाव आणि माणसं एकाच टिपरच्या हौद्यात.

८. खिंडीखालचं वळण. रात्री भेगांतलं पाणी गोठतं, फुगतं, डांबर उचलतं. दिवसा वितळतं आणि खडी घेऊन जातं. गेल्या आठवड्यात भरलेला खड्डा आज पुन्हा उघडा. पण आधी डोंगराकडचं गटार, दुपारी पाणी वाढायच्या आत. फावडं एक, माणसं दोन. पात्याच्या वर दोरी बांधलेली. एक जण दांडा धरून पातं गाळात खुपसतो, समोरचा दोरी ओढतो. हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. एकट्यानं पाच-सहा फावडी मारली की छाती भरून येते. मध्येच दोघं थांबतात, न बोलता जागा बदलतात. लांबून वाटतं, काय आराम आहे! जरा दोरी धरून बघावी. दोरीवालाच जास्त धापतो. त्याचा उजवा हातमोजा तळव्यावर फाटलाय, वर काळी चिकटपट्टी. मिळालेला जोड केव्हाच संपला. हा लेहच्या बाजारातला, पदरचे पैसे घालून घेतलेला.

११. बुलेटींची रांग. एमएच-१२, एमएच-१४. खिंडीतला जुना फलक उंची सांगायचा १८,३८० फूट. जीपीएसनं मोजली तर ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. वरचे आठशे फूट फोटोपुरते. वर वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, असं पर्यटकांना बजावतात. गटारवाले चारपर्यंत आहेत.

१. भात गार झालाय. नुब्राकडे निघालेला लष्कराचा ताफा येतो. डबे हातात घेऊन सगळे कड्याला चिकटून उभे. ताफा जाईपर्यंत भातावर धूळ.

३. बर्फाचं पाणी आलं. गटारानं बरंचसं घेतलं. एके ठिकाणी उरलेलं रस्त्यावर चढलंच. मोठे दगड लोटले, पहारीनं बसवले. सकाळचा खड्डा तसाच राहिला.

४.३०. टिपर. बोलायला कुणाला दम नाही.

७. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, म्हणून मेटचा फोन. दोरीवाल्याची पाळी येते. बायको विचारते, पैसे कधी पाठवताय? तो बोटांवर मोजतो: दोन खाडे, रॉकेलचा वाटा, हातमोजे, निघताना घेतलेली उचल.

"आधी उचल फिटू दे."

मागे अजून चौघं फोनसाठी थांबलेत.