गेमिंग पीसी जुळवताना : सुटे भाग, दुकानदार आणि आप्तवाक्य

मागच्या व्याख्यानात आपण प्रमाणांचा विचार केला. ते संपल्यावर एका बाईंनी विचारलं, "सर, माझा मुलगा लाखभर रुपये घालून गेमिंग पीसी जुळवायचा म्हणतोय. तुमचं प्रमाणशास्त्र त्यात कुठे बसतं?" सभागृहात हशा झाला, आम्हीही हसलो. पण घरी जाताना लक्षात आलं की हा प्रश्न आमच्याच घरातून जाऊन आलेला आहे, आणि पहिल्या खेपेला आम्ही त्यात सपशेल नापास झालो होतो. म्हणून आजचा विषय हाच घेतला.

आधी नापास कसे झालो ते सांगतो. २०२१ साल. नातू अकरावीत. ग्राफिक्स कार्डं बाजारात मिळत नव्हती, कारण आभासी चलनाचं 'मायनिंग' करणारे लोक ती घाऊक उचलत होते. आमच्या ओळखीचा एक दुकानदार होता, एके काळी आमच्या वर्गात बसलेला. "सर, तुमच्यासाठी एक काढून ठेवलंय" म्हणाला. खोक्याचं सील उघडलेलं होतं. "डिस्प्लेला लावलं होतं" असं उत्तर मिळालं. नातवाने बिचकत विचारलं, "आजोबा, नक्की घ्यायचं?" आम्ही म्हटलं, "अरे, माझा विद्यार्थी आहे तो." आठ महिन्यांनी पडद्यावर रंगीबेरंगी ठिपके यायला लागले. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, या सिरियल नंबरला भारतात वॉरंटीच नाही. बिलावर लिहिलं होतं, 'ग्राफिक्स कार्ड, १ नग'. बस. पैसे नातवाच्या बक्षिसांतून आणि शिकवण्यांतून साठलेले होते. तो एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

आता मूळ विषय. 'कोणता पीसी चांगला?' हा प्रश्न तसा अर्धाच आहे. कशासाठी चांगला, ते ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि ते ठरवायची जागा म्हणजे दुकान नव्हे, पडदा. साध्या फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. १४४० च्या मॉनिटरवर सुमारे ३६ लाख ८६ हजार. फोर-के म्हटलं की ८२ लाख ९४ हजार, फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. प्रत्येक चित्रासाठी एवढे बिंदू रंगवायचे असतात. सेकंदाला ६० चित्रं हवीत तर एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. १४४ हवीत तर जेमतेम ७. मॉनिटर कोणता आणि खेळ कोणते, हे कागदावर लिहिलं की निम्मा गोंधळ मिटतो. व्हॅलोरंटसारखा खेळ ग्राफिक्स कार्डावर फार भार टाकत नाही, तिथे प्रोसेसरचा वेग महत्त्वाचा. सायबरपंक २०७७ सगळे प्रकाश-परिणाम चालू करून खेळायचा तर कार्डाचा घाम निघतो. मुलगा नुसता व्हॅलोरंट खेळणार असेल आणि आपण त्याला फोर-केचं कार्ड घेऊन दिलं, तर ते बैलगाडीला विमानाचं इंजिन लावण्यासारखं आहे.

एकदा हे ठरलं की बाकीचे भाग एकमेकांना बांधलेले असतात. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचं सॉकेट जुळावं लागतं. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ रॅम चालते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५. दोन्हीच्या खाचा वेगळ्या, चुकीची पट्टी बसणारच नाही. रॅम शक्यतो दोन सारख्या पट्ट्यांत घ्यावी, एकच मोठी पट्टी घेतली तर वाहतुकीचा एक रस्ता बंदच राहतो. कार्डाची लांबी कॅबिनेटात मावते का, हे मिलिमीटरमध्ये बघायचं. हे सगळं कंपन्यांच्या संकेतस्थळांवर लिहिलेलं असतं. कंटाळवाणं काम आहे, पण एक संध्याकाळ पुरते.

नावांपाशी मात्र थांबू या, कारण इथे आमच्या विषयाचा संबंध येतो. शब्द आणि अर्थ यांचं नातं काय, यावर आपल्याकडे हजारो पानं खर्ची पडली आहेत. ग्राफिक्स कार्डाच्या बाजारात त्याचा प्रत्यय पैशांत येतो. जीटी १०३० नावाचं एक कार्ड होतं. आधी ते वेगवान स्मृतीसह आलं, मग तेच नाव ठेवून मंद डीडीआर४ स्मृतीसह आलं, आणि वेग पार घसरला. जीटीएक्स १०६० चं ३ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार होते. लोकांना वाटलं, फरक फक्त स्मृतीचा. प्रत्यक्षात गणना करणारे गाभेही वेगळे, एकात ११५२, दुसऱ्यात १२८०. अलीकडच्या आरटीएक्स ५०६० टीआयमध्येही ८ आणि १६ जीबी असे दोन प्रकार आहेत. तिथे गाभे सारखेच आहेत, पण आजच्या जड खेळांना ८ जीबी अपुरी पडायला लागली आहे. तेव्हा कोटेशनवर '५०६० टीआय' एवढंच लिहिलेलं असेल तर ते अपुरं वाक्य आहे. कंपनी, पूर्ण मॉडेल क्रमांक, स्मृती, सगळं लिहून घ्यायचं.

आता एसएमपीएस. याच्यावर आम्ही जरा जास्त वेळ घेणार आहोत, कारण बजेट तुटायला लागलं की पहिली कात्री याच्यावर चालते. कार्डाची बढाई मित्रांपुढे मारता येते, एसएमपीएसची कोण मारणार? पण सगळ्या भागांना वीज हाच पुरवतो, आणि हलका असेल तर मरताना शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. काही कॅबिनेटांबरोबर 'फ्री एसएमपीएस' मिळतो. त्याच्या अंगावर ठळक '५०० वॅट' असतं. तिथे थांबू नका. बाजूच्या स्टिकरवर एक तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. समजा १८ आहेत. १८ गुणिले १२, २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. म्हणजे ५०० हे नाव झालं, आपल्या कामाचे २१६. हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. चष्मा पुसून स्टिकर वाचला की झालं. प्रत्यक्ष प्रमाण म्हणतात ते हेच.

'८० प्लस' या शिक्क्याचंही तसंच. तो कार्यक्षमता सांगतो. ८० टक्के कार्यक्षम एसएमपीएस आत ४०० वॅट द्यायला भिंतीतून ५०० घेतो, उरलेले १०० उष्णतेत जातात. उपयोगी माहिती आहे. पण आत संरक्षणाची मंडळं किती चांगली आहेत, हे तो शिक्का सांगत नाही. कार्यक्षमतेवरून सुरक्षिततेचं अनुमान काढायला इथे व्याप्तीच नाही. त्यासाठी कोणीतरी तो उघडून, भार टाकून तपासलेला अहवाल वाचायला हवा.

आणि हो, अर्थिंग. आमच्या पेठेतल्या जुन्या घरात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. एसएमपीएसमधल्या गाळणीतून थोडा प्रवाह पत्र्यावर येतो. तो जमिनीत जायला तिसरी वायर लागते. आमच्याकडे पिनला तिसरं भोक होतं, मागे वायरच नव्हती! त्यामुळे नवा पीसी घेण्याआधी पाचशे-हजार रुपये इलेक्ट्रिशियनला द्या, अशी आमची सूचना आहे. ती कुठल्याच व्हिडिओत आम्ही ऐकली नाही.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न येतो, घ्यायचं कोणाकडून? आपण कार्ड उघडून आतलं बघू शकत नाही. कोणाच्या तरी शब्दावर जावं लागतं. न्यायदर्शनात शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे, पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताच्या दोन खुणा सांगितल्या आहेत. एक, त्याला त्या गोष्टीचं साक्षात ज्ञान आहे. दोन, जसं त्याला दिसलं तसंच सांगावं अशी त्याची इच्छा आहे. आणि तो पुढे म्हणतो की ही खूण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखीच लागू. कुळ, पदवी, ओळख याला तिथे किंमत नाही. आम्ही हे तीस वर्षं शिकवलं, आणि दुकानात जाऊन 'माझा विद्यार्थी' हा निकष लावला!

या दोन खुणा घेऊन बाजारात फिरा. व्हिडिओवर परीक्षण करणाऱ्याला ज्ञान असतं, पण कार्ड त्याला कंपनीने पाठवलंय का, आणि तो ते उघड सांगतो का? मोठ्या ऑनलाइन दुकानात लपवालपवी कमी, पण विक्रेता नक्की कोण आहे हे पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. बाजारातला दुकानदार सगळ्यात जाणकार असतो. फक्त त्याच्या गोदामात काय पडून आहे, हे आपल्याला माहीत नसतं. आणि निर्मात्याचा शब्दही अंतिम नव्हे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत होते. २०२४ मध्ये कंपनीने दुरुस्तीचं मायक्रोकोड काढलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तोवर महिनोन्‌महिने गिऱ्हाईक बिचारं रॅम बदलून बघत होतं.

जुन्या कार्डांबद्दल आम्हाला विचाराल तर आम्ही थोडे घाबरट आहोत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धत सोडली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातली बरीच उत्तम चालतात. पण विकणाऱ्याला इतिहास माहीत, घेणाऱ्याला नाही. जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन नेमकं हेच मांडलं: चांगलं-वाईट ओळखता येत नसलं की गिऱ्हाईक सरासरी भाव देतं, आणि चांगला माल असलेला माणूस त्या भावात विकायलाच येत नाही.

दुसऱ्या खेपेला, गेल्या वर्षी, आम्ही आणि नातू दादरला उतरून लोकलने ग्रँट रोडला गेलो, लॅमिंग्टन रोडवर. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव घेऊन विचारलं तर कोणी सांगत नाही. नातवाने एक युक्ती केली होती. प्रत्येक दुकानात तो एक प्रश्न विचारायचा, ज्याचं खरं उत्तर दिलं तर दुकानदाराची विक्री कमी होईल: "याला लिक्विड कूलर लागेल का?" तिघांनी लागेलच म्हणून सांगितलं. चौथ्याने प्रोसेसरचं नाव विचारलं आणि म्हणाला, "कशाला? दोन-अडीच हजारांचा हवेचा कूलर पुरे, उरलेले एसएमपीएसमध्ये टाका." आम्ही तिथेच बसलो.

बिल मात्र नातवाने स्वतः तपासलं. कच्चं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी वाचतो असं सांगणारे भेटतात. वाचतो तो कर नव्हे, आपला पुरावा. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर हवा, आणि तो खोक्यावरच्या आणि वस्तूवरच्या नंबराशी जुळायला हवा. वॉरंटी निर्मात्याची, भारतातली, किती वर्षांची, की दुकानाची नुसती 'टेस्टिंग वॉरंटी', हे विचारायला लाजू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पण 'ग्राफिक्स कार्ड, १ नग' घेऊन तिथे काय सांगणार?

घरी येऊन नातवाने एका दुपारीत सगळं जुळवलं. आम्ही स्क्रू धरून बसलो होतो. संध्याकाळी खेळ सुरू केला तर चित्र अडखळत, सेकंदाला दहा-बारा. आम्हा दोघांचेही चेहरे पडले. २०२१ ची आठवण दोघांनाही आली असणार, बोललं कोणी नाही. शेवटी आम्ही दुकानात फोन लावला, जरा चढ्या आवाजातच. पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "काका, मॉनिटरची केबल कुठे लावलीय? वर मदरबोर्डला, की खाली कार्डाला?"

नातू खुर्चीखाली वाकला. केबल वर होती.

"खाली लावा," तो म्हणाला, "आणि बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्स्पो चालू करा, नाहीतर ती मूळच्या कमी वेगानेच पळते. मॉनिटर १४४ हर्ट्झवर आहे का तेही विंडोजमध्ये बघून घ्या, बहुतेक ६० वरच असेल."

६० वरच होता.