निळ्या क्रौंचाचा झेंडा

३ आणि ४ डिसेंबर १९८१ यांच्या मधली रात्र. दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेय भागातलं बिशो हे गाव अजून धड वसलंही नव्हतं, आणि तिथे एका नव्या देशाच्या जन्माचा सोहळा रंगला होता. देशाचं नाव सिस्काय. लेनॉक्स सेबे त्याचे राष्ट्राध्यक्ष होणार होते. ठरल्या घटकेला निळा-पांढरा झेंडा काठीवर चढू लागला आणि काठीच कोसळली. सैनिक धावले, त्यांनी ती हातांनी सावरून धरली आणि कसाबसा समारंभ पार पडला. त्या झेंड्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर एक क्रौंच पक्षी होता.

सिस्काय आता नकाशावर नाही. तसे एकूण दहा प्रदेश होते आणि प्रत्येकाचा आपला झेंडा होता. १९६६ ते १९९४ या २८ वर्षांत दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी कचेऱ्यांवर, शाळांच्या अंगणांत आणि पोलिस ठाण्यांवर हे झेंडे फडकत राहिले. त्यांच्यावर बिबट्या होता, घोडा होता, ढाल होती, मातीचे आणि पावसाचे रंग होते. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही चिन्हं. ज्या व्यवस्थेने ती कापडावर चढवली, तिने मात्र त्याच माणसांकडून त्यांचा देश काढून घेतला. या झेंड्यांची गोष्ट या दोन्ही बाजू धरूनच सांगावी लागते.

तिची मुळं जमिनीच्या कायद्यांत आहेत. १९१३च्या कायद्याने काळ्या आफ्रिकी लोकांसाठी देशातली जेमतेम ७ टक्के जमीन राखून ठेवली, बाकीची विकत घ्यायला त्यांना बंदी केली. १९३६मध्ये हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांपर्यंत वाढवायचं ठरलं. लोकसंख्येत त्यांचा वाटा दोन तृतीयांशाहून जास्त होता. पुढे हेंड्रिक फेरवूर्ट यांच्या काळात, १९५९च्या कायद्याने, या राखीव तुकड्यांना ‘राष्ट्रां’चं रूप द्यायला सुरुवात झाली. काळा माणूस दक्षिण आफ्रिकेचा नागरिक नाही, तो खोसा, त्स्वाना, वेंडा, झुलू अशा कुठल्या तरी राष्ट्राचा आहे आणि त्याने मत द्यायचं ते तिथेच, असा हा हिशेब होता. या प्रदेशांना सरकार ‘होमलँड’ म्हणे, विरोधक ‘बांटुस्तान’.

राष्ट्र म्हटलं की झेंडा, गीत, बोधचिन्ह हे सगळं आलं. कायद्यांनी तशी तरतूद केली. प्रिटोरियात १९६३मध्ये ब्यूरो ऑफ हेराल्ड्री हे चिन्हांचं सरकारी खातं सुरू झालं होतंच.

पहिला मान ट्रान्सकायचा. १९६३मध्ये स्वशासन मिळालं आणि १९६६मध्ये झेंडा आला. आडवे तीन पट्टे : वर गेरूचा तांबडा, मधे पांढरा, खाली हिरवा. वरचा रंग कुणा चित्रकाराला सुचलेला नव्हता, तो खोसा लोकांच्या अंगावरचाच होता. गावाकडच्या खोसा बायका-पुरुषांची घोंगडी गेरूने रंगवलेली असत, अंगालाही गेरू लावत. इतका की, जुनी रीत सोडलेले लोक त्यांना ‘लाल माणसं’ म्हणत. त्या तांबड्यात तिथल्या डोंगरउतारांची मातीही होती. पांढरा शांततेचा, हिरवा पिकापाण्याचा. झेंडा म्हणून पाहिलं तर साधा, नेटका आणि लांबून ओळखू येणारा.

२६ ऑक्टोबर १९७६च्या मध्यरात्री उमटाटात हाच झेंडा स्वतंत्र देशाचा म्हणून चढला. कायझर मातान्झिमा पंतप्रधान झाले. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हे स्वातंत्र्य अमान्य करणारा ठराव १३४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. अमेरिका तटस्थ राहिली. ट्रान्सकायला मान्यता दिली ती फक्त दक्षिण आफ्रिकेने. १९७८मध्ये जमिनीच्या एका वादावरून मातान्झिमांनी तिच्याशीही राजनैतिक संबंध तोडले आणि पुढची दोन वर्षं जगातल्या एकमेव मित्राशीही हा देश बोलत नव्हता.

मातान्झिमा हे नेल्सन मंडेलांचे नात्यातले. मंडेलांचं जन्मगाव म्वेझो आणि लहानपण गेलं ते कुनू, दोन्ही ट्रान्सकायमध्येच. ट्रान्सकायला मान्यता देऊन तिथे जाऊन राहायला तयार असाल तर शिक्षेत सूट मिळेल, असा प्रस्ताव सरकारने रॉबेन बेटावरच्या कैदेत असलेल्या मंडेलांपुढे ठेवला होता. त्यांनी तो नाकारला. गेरूचा रंग त्यांच्या गावचा होता, पण तो झेंडा त्यांनी आपला मानला नाही.

बोपुतात्स्वानाचा झेंडा १९७३चा. गडद निळं अंग, खालच्या कोपऱ्यातून वर जाणारा नारिंगी तिरपा पट्टा आणि वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या वर्तुळात बिबट्याचा चेहरा. चेहरा समोरून, नजर थेट पाहणाऱ्यावर. बिबट्याचं कातडं म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या अनेक समाजांत राजाचा आणि मुखियाचा मान, सामान्य माणसाने ते पांघरायचं नाही. लुकास मांगोपे यांच्या राजवटीला हे चिन्ह सोयीचं होतं. ६ डिसेंबर १९७७ रोजी हा ‘देश’ स्वतंत्र झाला. नावाचा अर्थ त्स्वानांना एकत्र बांधणारा असा, आणि प्रदेश मात्र तुकड्यातुकड्यांत विखुरलेला. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला दक्षिण आफ्रिकेतून प्रवास करावा लागे. दक्षिण आफ्रिकेत जुगाराला बंदी होती, तेव्हा १९७९मध्ये सन सिटी हे कसिनोचं झगमगतं गाव उभं राहिलं ते या बिबट्याच्या झेंड्याखाली.

१३ सप्टेंबर १९७९ रोजी पॅट्रिक म्फेफू यांचा वेंडा. काठीलगत निळा उभा पट्टा, मग हिरवा, पिवळा आणि तपकिरी असे आडवे पट्टे, पिवळ्यावर तपकिरी रंगातलं रोमन ‘व्ही’. आभाळ, रान, ऊन आणि माती यांचे रंग. वेंडाचा मुलूख खरोखरच असा आहे : उत्तरेच्या सौटपान्सबर्ग डोंगररांगेचा हिरवागार उतार आणि पवित्र मानलेलं फुंडुड्झी तळं. त्या रंगांमध्ये आद्याक्षर घालायची गरज नव्हती. रंग बोलत होते, अक्षराने ते फलकासारखे झाले.

आणि चौथा सिस्काय, काठी कोसळलेला. मुळात हा वेगळा देश का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. केई नदीच्या अलीकडे सिस्काय, पलीकडे ट्रान्सकाय, दोन्हीकडे खोसाच राहतात, भाषा एक, राजघराणी एकमेकांच्या नात्यातली. भाषेवरून राष्ट्रं पाडणाऱ्या धोरणाने एकाच भाषेच्या लोकांना दोन झेंडे दिले. सेबे यांनीच नेमलेल्या क्वेल आयोगाने १९८०मध्ये सांगितलं होतं की, बहुसंख्य सिस्कायवासीयांना असलं स्वातंत्र्य नको आहे. तरीही सार्वमत झालं आणि तरीही झेंडा चढला.

त्याच्यावरचा पक्षी म्हणजे निळा क्रौंच. राखाडी-निळ्या रंगाचा, जमिनीला टेकणाऱ्या लांब पिसांचा हा क्रौंच जवळजवळ सगळाच दक्षिण आफ्रिकेत सापडतो. हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या जलाशयांवर उतरणारा कांड्या करकोचा हा त्याचा अगदी जवळचा भाऊबंद. खोसा भाषेत त्याला ‘इंड्वे’ म्हणतात. लढाईत पराक्रम गाजवणाऱ्या योद्ध्याच्या डोक्यात राजा स्वतः इंड्वेची पिसं खोवत असे. ही पिसं मिरवणारा तो ‘इसित्वालांड्वे’.

हा शब्द सिस्कायच्या झेंड्याआधीच राजकारणात आला होता, तोही नेमका विरुद्ध बाजूने. जून १९५५मध्ये जोहान्सबर्गजवळच्या क्लिपटाउनला ‘काँग्रेस ऑफ द पीपल’ भरली आणि सगळ्या वर्णांच्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्याची सनद मंजूर केली. तिथे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने आपला सर्वोच्च सन्मान पहिल्यांदा दिला, त्याचं नाव इसित्वालांड्वे. मानकरी तिघे : अल्बर्ट लुथुली, इंग्लंडहून आलेले धर्मगुरू ट्रेव्हर हडलस्टन आणि डॉक्टर युसूफ दादू. एक झुलू, एक गोरा, एक भारतीय वंशाचा. खोसा योद्ध्याची पिसं या तिघांच्या माथ्यावर शोभली, ती वंश विचारून नव्हे, पराक्रम पाहून. २६ वर्षांनी तोच पक्षी सेबेंच्या झेंड्यावर उभा राहिला, माणसांना वंशावरून वेगळं काढणाऱ्या योजनेची खूण म्हणून.

चार ‘स्वतंत्र’ देशांच्या मागे सहा स्वशासित प्रदेश होते. सगळ्यांत छोटा क्वाक्वा, ड्रेकन्सबर्गच्या पायथ्याचा. त्याच्या हिरव्या-नारिंगी झेंड्यावर काळा घोडा होता. डोंगरवाटांवर सोथो माणसाला साथ देणारं हे काटक तट्टू त्या मुलखाची खरी ओळख, आणि या सगळ्या मालिकेतलं कदाचित सर्वांत जिवंत चित्र.

क्वाझुलूचा झेंडा मात्र नीट वाचावा लागतो. काठीलगत लाल पट्टा, त्यावर झुलू ढाल, पुढे पांढऱ्या अंगावर सोनेरी, हिरवी आणि काळी अशा तीन रेघा. काळा, हिरवा आणि सोनेरी हे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे रंग. १९६०मध्ये या संघटनेवर बंदी आली होती आणि तिचा झेंडा बाळगणाऱ्याला तुरुंग दिसे. मांगोसुथु बुथेलेझी यांनी १९७५मध्ये इंकाथा चळवळ उभारताना हेच रंग घेतले आणि ते सरकारमान्य प्रदेशाच्या झेंड्यावरही आले. बुथेलेझींनी क्वाझुलूसाठी स्वातंत्र्य कधीच स्वीकारलं नाही. त्यांचे समर्थक आणि काँग्रेसचे कार्यकर्ते यांच्यात ऐंशीच्या दशकात नाताळ प्रांतात जो रक्तपात झाला, त्यात दोन्हीकडचे लोक थोड्याफार फरकाने त्याच रंगांखाली लढत होते. त्याच काळात इतर वस्त्यांमध्ये पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांच्या शवपेट्या बंदी असलेल्या काळ्या-हिरव्या-सोनेरी कापडात गुंडाळल्या जात आणि अंत्ययात्रांना हजारो माणसं लोटत. ते कापड कुठल्या खात्यात नोंदवलेलं नव्हतं, ते रात्री घरोघरी शिवलं जाई.

प्रत्येक ‘स्वातंत्र्या’बरोबर त्या त्या भाषेच्या लोकांचं दक्षिण आफ्रिकेचं नागरिकत्व रद्द झालं, मग ते जन्मभर जोहान्सबर्गच्या खाणीत राबलेले असोत की त्यांनी होमलँडचं तोंडही न पाहिलेलं असो. १९८१ संपेपर्यंत अशा माणसांची संख्या सुमारे ८० लाखांवर गेली. सहा स्वशासित प्रदेशांपैकी क्वान्डेबेलेचाही पाचवा देश व्हायचा होता, पण १९८६मध्ये तिथे लोक पेटून उठले आणि तो बेत सोडून द्यावा लागला.

२ फेब्रुवारी १९९० रोजी काँग्रेसवरची बंदी उठली. महिन्याभराने सिस्कायमध्ये लष्कराने सेबेंची सत्ता उलथवली. पण क्रौंचाचा झेंडा तिथेच होता आणि त्याखालची बंदूकही. ७ सप्टेंबर १९९२ रोजी सिस्काय दक्षिण आफ्रिकेत परत यावा म्हणून हजारो निदर्शक बिशोकडे निघाले. सिस्कायच्या सैनिकांनी गोळीबार केला. २८ निदर्शक आणि १ सैनिक मेले. मार्च १९९४मध्ये मांगोपेंनी निवडणुकीत भाग घ्यायला नकार दिला तेव्हा बोपुतात्स्वानात सरकारी नोकरांपासून पोलिसांपर्यंत सगळे रस्त्यावर आले आणि काही दिवसांत त्यांची राजवट संपली.

नव्या देशाला नवा झेंडा हवा होता. लोकांकडून मागवलेल्या सुमारे ७,००० नमुन्यांतून एकही पसंत पडला नाही. ब्यूरोचे प्रमुख फ्रेडरिक ब्राउनेल यांनी १९९३मध्ये झुरिकला झेंड्यांच्या अभ्यासकांच्या परिषदेत एक कल्पना कागदावर उतरवली होती : दोन वाटा येतात, मिळतात आणि एक होऊन पुढे जातात. मार्च १९९४मध्ये तीच पुढे आली. वाटाघाटी करणारे सिरिल रामाफोसा आणि रोएल्फ मायर यांनी ती उचलली आणि संमतीसाठी रुस्टनबर्गला असलेल्या मंडेलांकडे फॅक्स गेला. फॅक्स काळा-पांढरा, म्हणून दुकानातून रंगीत पेन्सिली आणून चित्र रंगवावं लागलं. १५ मार्चला निर्णय जाहीर झाला आणि २७ एप्रिलला, पहिल्या सर्ववर्णीय मतदानाच्या दिवशी, सहा रंगांचा झेंडा चढला. त्याच दिवशी दहाही होमलँड कायद्याने संपली. या रंगांना सरकारने मुद्दामच अधिकृत अर्थ दिला नाही. अर्थ ठरवून दिलेले दहा झेंडे त्या देशाने नुकतेच उतरवले होते.

१९९४नंतर देशात नऊ प्रांत आले. त्या सगळ्यांनी बोधचिन्हं घेतली, पण स्वतःचा झेंडा एकट्या म्पुमालांगाने स्वीकारला, १९९६मध्ये. बाकीच्या आठांना प्रांताचा वेगळा झेंडा असण्याची घाई वाटली नाही.

उमटाटा आता मथाथा झालं आहे. तिथल्या भुंगा इमारतीत ट्रान्सकायचं विधिमंडळ बसायचं. फेब्रुवारी २०००मध्ये त्याच इमारतीत नेल्सन मंडेला संग्रहालय उघडलं. बिशोचं भिशो झालं आणि सिस्कायसाठी बांधलेल्या त्या राजधानीत आज पूर्व केप प्रांताचं विधिमंडळ भरतं. निळा क्रौंच आता दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय पक्षी आहे. पश्चिम केपच्या गव्हाच्या रानांत त्यांचे थवे दिसतात आणि इसित्वालांड्वे हा सन्मान अजूनही दिला जातो.