निर्देशसंख्या आणि संशोधनाचे मोल

एखाद्या शास्त्रीय निबंधाचा पुढील निबंधांत किती वेळा निर्देश झाला, यावरून त्याचा प्रभाव मोजण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. ही मोजणी काय सांगते, हे एका उदाहरणावरून पाहू.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मेंदूशास्त्रज्ञ डॉ. शुभा टोळे व त्यांचे सहकारी यांचा उंदराच्या भ्रूणावरील निबंध २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एलएचएक्स-२ या जनुकामुळे पेशी मेंदूच्या बाह्यपटलाची होते. काही भागांत ते नसल्यास तीच पेशी शेजारच्या पेशींतून स्मृतीशी निगडित असा हिप्पोकँपस घडवून आणते, असे त्यात दाखविले आहे. हा निष्कर्ष पुढे नेणारा, केवळ पद्धत उचलणारा आणि आक्षेप घेणारा, या तिघांचे निर्देश मोजणीत सारखेच.

पाणिनीने शाकटायन, गार्ग्य इत्यादी पूर्वाचार्यांची नावे घेतली, ती टीकाकारांच्या मते कोठे विकल्प दाखविण्यासाठी, कोठे आदरार्थ. म्हणजे निर्देशाचा हेतू संख्येत उतरत नाही. शिवाय मेंदूशास्त्राचे वाचक पुष्कळ, तर आपल्या अहिराणीच्या व्याकरणाचे मोजके. निवडसमितीने आकडा अवश्य पाहावा. परंतु निबंध वाचल्यावाचून त्यावर निर्णय देऊ नये.